तेरच्या रस्त्यावर थांबलेला माणूस

मी फौजेत नर्स होते. बंदूक कधी हातात आली न्हाय, पण हुकूम आमालाबी तोच. पोलीस ॲक्शनच्या वक्ताला येडशी स्टेशनाजवळ आमचे हॉस्पिटलचे तंबू पडले. सकाळी ड्रेसिंग, दुपारी औषधं, सांजच्याला कंदील पुसायचे. पाणी भरायचं काम सिपाही दगडूचं. त्याचा थोरला भाऊ रझाकारांनी मारला होता.

आमच्या तंबूत मांडीत गोळी लागलेला एक कोवळा रझाकार कैदी आला. त्याची घागर वेगळी ठेवली. तेव्हा हिंदू-मुसलमानाचं पाणी वेगळं, सगळीकडं तशीच रीत. दगडू आमच्या घागरी भरायचा, ती कोरडी ठेवायचा. पोराच्या अंगात ताप फणफणलेला.

"दगडू, त्याला पाणी?"

"घागर रिकामी हाय, सिस्टर."

"मग भर."

"भरतो की." पण जागचा हलला न्हाय. मीच जाता-येता दोन घोट पाजायची, पण मला तीन तंबू बघायचे असायचे.

आमचा लान्स नाईक योहान ख्रिस्ती. जेवणं झाली की जखमींना शुभवर्तमान वाचून दाखवायचा.

दगडू म्हणायचा, "नाईक, पोटभर जेवल्याचं काही लिवलंय का त्यात?"

"हाय की. पाच भाकरीत हजारो लोक जेवले."

"मग तो आचारी आपल्या लंगरला धाडा."

त्या सांजेला योहाननं वाटेवर लुटलेल्या जखमी माणसाची गोष्ट वाचली. त्याच्याच धर्माचे मोठे लोक बघून पुढं गेले. थांबला तो कोण, तर ज्याच्याशी त्या जखमीच्या लोकांचा पाण्याचाबी व्यवहार नव्हता तो. त्यानं जखमा बांधल्या, आपल्या गाढवावर बसवून नेलं.

दगडूनं विचारलं, "थांबला त्याचं नाव काय?"

"लिवलेलं न्हाय."

 दगडू उठला, आमच्या घागरीतनं आपला मग भरला आन् कैद्याची मान उचलून धरली.

पोरगं म्हणालं, "भाई, ये तो तुम्हारा मग है."

"पी मुकाट्यानं."

दुसऱ्या दिवशी तेर गावाकडचे जखमी आणायचा हुकूम आला. योहान जीप घेऊन गेला. दुपारी वायरलेस खरखरला. "तेर रोड. तुरीतनं रझाकाराची गोळी आली. जखमी उचलताना आपला एक पडला. ओव्हर."

योहानचा मुडदा आणून तंबूत ठेवला. सगळ्यांच्या नजरा कैद्याकडं. कोपऱ्यातनं एक जवान म्हणाला, "आता ह्याला कशाला पाणी?"

दगडूनं मग हातात घेतला. मला वाटलं, आता हा मग भिरकावतोय. त्यानं मग भरला. निम्मं पाणी भुईवर सांडलं, उरलेलं त्यानं पोराला पाजलं.

योहानला स्टेशनामागच्या लिंबाखाली मूठमाती दिली. सांजच्याला दगडूनं त्याचं पुस्तक मांडीवर घेतलं. वाचता येत नव्हतं, म्हणून तोंडानंच गोष्ट सांगू लागला. त्याच्या सांगण्यात तो रस्ता तेरहून येडशीला येत होता आन् गाढवाच्या जागी जीप होती. आमी कुणी चूक काढली न्हाय.

कैद्यानं हळूच विचारलं, "रुकनेवाले का नाम क्या था?"

दगडू म्हणाला, "लान्स नाईक योहान."