मंदा लई गळती

गिरणीत दळण टाकून उभी होते. मागे दोघी बोलत होत्या, "शमुवेलकाका परत येणार म्हणे, रविवारी..." आणि नेमकी गिरणी चालू झाली. पुढचं पिठात गेलं.

आमच्या नागापूरच्या सरकारी कॉलनीत किस्से साठतात, जिन्याखाली मोडक्या सायकली साठतात तसे. कुणी नेत नाही, कुणी टाकतही नाही. त्यातले निम्मे काकांचे. काका कॉलनीचं पाणी सोडायचे. पंप, टाकी, नळ, सगळं तेच बघायचे. गुडघे गेले तसे लेकीकडे कोल्हारला गेले. तेव्हापासून माझ्या मोरीतला नळ गळतोय. कॉलनीत दोन प्लंबर आहेत. मी कुणाला सांगितलं नाही.

*

ऑफिसने व्हॉल्व्हना नंबर दिले होते, काकांनी नावं. ज्या बाईची तक्रार जास्त, तिचं नाव त्या लाईनला. साहेब तपासणीला आले. "चौदा नंबर दाखवा."

"चौदा कुठली साहेब, ती शालन. आन ही मंदा. मंदा लई गळती."

ती मंदा, म्हणजे मी, खिडकीतच होते. आमचे हे मागून म्हणाले, "काकांनी बरोबर ओळखलंय."

*

पाणी सोडलं की काका पाइपावर पान्याने तीन ठोके द्यायचे. माझी दुष्काळी जामखेडची बहीण पहिल्यांदाच राहायला आली होती. ठोके पडले, आणि मी सांगायच्या आत ही हंडा घेऊन नळाखाली.

"तुला कसं कळलं गं?"

"ताई, आमी तर ठोक्याबिगर बी उठतो."

*

नळाचे वायसर काका विकत आणत नसत. जुन्या रबरी चपलेची टाच कापून करायचे. एकदा ह्यांची एक चप्पल सापडेना. हे तणतणत काकांकडे गेले.

"मला वाटलं फेकलीय," काका म्हणाले. "पन घरातच हाय की. तुमच्याच नळात बसवलीय."

*

काकांच्या जागी गायकवाड आले. माणूस भला, पण काम नंबरावर, आणि नंबर तर गंजून गेलेले. शालनकडे दोनदा पाणी, आमच्याकडे थेंब नाही. मी खाली गेले. "अहो, शालन बंद करा, मंदा सोडा."

"ताई," गायकवाड हात जोडून म्हणाले, "घरातली भांडणं मला नका सांगू."

*

रविवारी दुपारी तीन ठोके पडले. मी पदर खोचत खाली धावले. काका खुर्चीवर बसलेले, पाना गायकवाडांच्या हातात. काका एकेक नाव सांगत होते, गायकवाड रंगाने व्हॉल्व्हवर लिहीत होते.

"राहायला आलात ना, काका?"

"न्हाई गं मंदाबाई. नावं सांगाया आलोय. चारच्या एस्टीनं जायचंय."

पिठात गेलं होतं ते हे.

दोघांना चहाला वर घेऊन आले. नळाचा आवाज येऊ नये म्हणून खाली फडकं टाकून ठेवलं होतं. तो दुरुस्त झाला तर काकांना बोलवायला मला दुसरं निमित्त नव्हतं. दूध कमी पडलं म्हणून शालनकडे गेले, बोलत थोडी थांबले. परत आले तर काका टॉवेलला हात पुशीत होते. चहा प्यायले, गायकवाडांच्या आधाराने हळूहळू जिना उतरले. मी खिडकीतून स्टँडकडे जाणारी रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

संध्याकाळी मोरीत गेले. फडकं वाळलं होतं.

बाहेर हे दारातच उभे, नवी चप्पल कुठे गेली म्हणून विचारत. पायाशी काकांची जुनी जोडी होती. एकीच्या टाचेला गोल भोक.