थोरलीचा टाक

अंगात येणं, भूत, करणी यातलं मी काही मानत नाही, हे आधीच लिहून ठेवते. आमच्या कळस गावात कुणाच्या अंगात आलं की बाकीच्या बायका पाया पडायला धावतात. मी तेव्हा भाकरी थापत असते, कारण घुमून झाल्यावर त्या बाईलाही भूक लागतेच. तेव्हा पुढचं वाचून मला कुणी भाबडी समजू नये. घडलं तसं लिहिते आहे.

मी दुजवराला दिलेली. मालकांची पहिली बायको तापानं गेली, तेव्हा त्यांची मुलगी शेवंता अजून अंगावर पीत होती. त्या गेलेल्या बाईला घरात सगळे 'थोरली' म्हणत, मीही तेच म्हणते. माझं लग्न लागलं त्याच दिवशी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, थोरलीचा टाक काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते – टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. दुसरेपणाच्या बाईनं तो जन्मभर गळ्यात वागवायचा. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाचा पहिला घास तिला.

पुण्याला कॉलेजात शिकणारा माझा भाचा म्हणतो, याला पूर्वजपूजा म्हणतात, अशा चाली जगात सगळीकडे आहेत आणि टाक हे गेलेल्या माणसाचं प्रतीक असतं. असेल. आत्याबाईंच्या लेखी मात्र टाक म्हणजे थोरलीची खूण नव्हे, थोरलीच. मी दोघांशीही वाद घातला नाही. न भांडणारी सवत मिळाली, हे काय कमी झालं?

शेवंता त्या टाकाशी खेळतच वाढली. दात येत होते तेव्हा माझ्या मांडीवर बसून ती टाकाची कड चावायची. पत्रा पातळ, चांदी मऊ. खालच्या कडेला दोन बारीक खळगे पडले ते कायमचेच. पुढे मोठी झाल्यावरही रुसली की माझ्याशी बोलायची नाही, टाकाशी बोलायची. माझ्याच गळ्याशी तोंड आणून माझ्याच कागाळ्या.

तिचं लग्न ठरलं तेव्हाची ही गोष्ट. आमच्या बाजूला एस.टी. नुकती धावू लागली होती. लग्नाआधी देव उजळून आणायची आमच्यात चाल आहे, म्हणजे घरातले टाक सोनाराकडून घासूनपुसून लख्ख करून आणायचे. मी बारामतीच्या बाजाराला वांगी घेऊन निघालेच होते, देवांचं गाठोडंही बरोबर घेतलं. सवतीचा टाक तेवढा समोर बसून उजळून घ्यायचा, डोळ्याआड करायचा नाही, असं आत्याबाईंनी बजावलं होतं. पण वांग्यांच्या पाट्या बाजारात आणि मी सोनाराच्या ओट्यावर, हे कसं जमणार? टाक ठेवून गेले, परतताना सगळं घेऊन आले. गळ्यात बांधला. छान लखलखत होता.

दुसऱ्या दिवसापासून माझे पाय ठरेनात. चुलीपुढे बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कुठं जायचं ते कळेना. अर्धा पापड लाटून दारात... दारातून गोठ्यात... गोठ्यातून परत पोळपाटाशी. लग्नघरात धावपळ असतेच, पण तिच्यातून कामं तरी होतात. माझं एकही होत नव्हतं. आणि विहीर – ती आमच्या परड्यातच आहे. इतकी वर्षं मी तिथं पाणी ओढलं, एकदा तर बुडालेली कळशी काढायला आत उतरले होते. आता काठापाशी गेले की नाकातोंडात पाणी गेल्यासारखं होऊन श्वास अडके. दोर हातात धरवत नसे. पित्त असेल म्हणून आमसुलाचं सार पिऊन पाहिलं, काही फरक नाही. मग शेवंताला पाण्याला पाठवू लागले, तर ती कळशी घेऊन परत येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसे.

आत्याबाई ओसरीवरून सगळं बघत होत्या.

"लगीन पोरीचं हाय का तुझं?" त्या म्हणाल्या. "का म्हून अशी भिरभिरतीस?"

हळकुंडं फोडायला गावातल्या बायका जमल्या. पहिली हळद थोरलीला, असं शेवंतानं लहानपणीच ठरवून ठेवलेलं. बोटाला हळद घेऊन ती माझ्यापुढे बसली, टाक हातात घेतला आणि सवयीनं तिचा अंगठा खालच्या कडेवर गेला. तिथंच थांबला.

"आई, ही थोरली न्हाय."

उजळलाय म्हणून वेगळा वाटत असेल, असं मी म्हणाले.

"मग माझ्या दातांची खूण कुठं हाय?"

मी बोट फिरवून पाहिलं. कड गुळगुळीत होती.

शेवंतानं हळद पदराला पुसली. थोरली घरात येईपर्यंत मला हळद लावायची नाही, म्हणाली. आत्याबाईंनी विचारलं, मुहूर्त टळून लग्न मोडलं तर? मोडू द्या, म्हणाली. माझी आई परक्याच्या घरात आणि मी बोहल्यावर चढू? मालकांनी समजावलं, पाहुण्यांची भीती घातली, पण ती खांबाला टेकून बसली ती उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं तिला घेऊन मी बारामती गाठली.

सोनारानं कपाळाला हात लावला. त्या बाजारच्या दिवशी पिंपळीच्या एका बाईचा टाकही त्याच रिठ्याच्या पाण्यात पडला होता. तिच्याकडे माणूस धाडतो, असं तो म्हणत होता, तोच ती बाई आपल्या पायांनी ओटा चढून आली. माझ्याच वयाची, किडकिडीत. एवढ्या उन्हात पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला.

"ह्यो माझा न्हाय," ती सोनाराला म्हणाली. "माझा मला द्या."

तुम्ही कशावरून ओळखलंत, असं मी विचारलं. तिनं माझ्या गळ्याकडे पाहिलं, मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि पदर बाजूला केला. चोळी ओलीचिंब होती. दुधाचा वास आला.

"मला मूल न्हाय, बाई. कधी झालंच न्हाय. बाजारातनं गेल्यापास्नं हे असं चाललंय. सासू म्हणती, कुणाचं प्वार उपाशी ठिवून आलीस?"

मी तिचा पदर पुन्हा सारखा केला. मग एवढंच विचारलं, तुमची थोरली कशानं गेली?

"पाणी वढताना पाय घसरला. हिरीत."

मी तिथंच भुईवर बसले.

शेवंता दारात उभी होती. ही कोण, ते मी सांगितलं नव्हतं. त्या बाईनं तिच्याकडे बघत टाक गळ्यातून काढला आणि माझ्या हातात न देता तिच्या हातात ठेवला. शेवंतानं कडेवर अंगठा फिरवला आणि मान डोलावली. मी माझ्या गळ्यातला टाक त्या बाईला दिला; थोरलीचा दोरा माझ्या गळ्यात शेवंतानंच बांधला.

त्या दिवशी दिवस मावळायच्या आत मी विहिरीवरून पाणी ओढून आणलं. हळद झाली, लग्न ठरल्या वेळेला लागलं. पिंपळीची बाई खण घेऊन आली होती. तिला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाली, टाक बदलला त्याच दिवशी दूध आटलं. बरं झालं, असं मी म्हणाले.

"व्हय. बरंच झालं म्हणायचं," ती म्हणाली आणि मांडवाकडे बघत राहिली.

पुढे बारामतीत एका डॉक्टरांना विचारलं. मूल नसतानाही क्वचित दूध येतं, म्हणाले. माझ्या विहिरीच्या भीतीचं विचारलं, तर मनावर घेऊ नका, म्हणाले. ठीक आहे. पण ते त्याच दिवशी का सुरू व्हावं आणि त्याच दिवशी का थांबावं, हे त्यांनाही सांगता आलं नाही. आणि माझा मुख्य प्रश्न वेगळाच आहे. तोच टाक इतकी वर्षं माझ्या गळ्यात होता. मला कधीच काही कसं झालं नाही?

हे मी शेवंताला एकदा विचारलं.

"हितं मी व्हते की तुझ्याजवळ," ती म्हणाली.

आता ती सासरी असते. टाक माझ्याकडे आहे. मी यातलं काही मानत नाही. तरी रोज सकाळी उठल्यावर आधी चोळी चाचपून पाहते. अजून तरी कोरडी असते.