शेवटचे दोन आकडे

ठमी, माझी मुलगी, बारा वर्षं चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासते आहे. पुढे मालक गोड बोलून फ्रेम विकतात, मागे ही यंत्रावर काच त्या फ्रेमच्या आकाराची करते. पदवीला तिने भौतिकशास्त्र घेतलं होतं, पुढे शिकायचं होतं, ते राहिलं. तिच्या कामात सगळा हिशेब काचेच्या मध्याचा असतो. मध्य बुबुळासमोर आला नाही, तर माणसाचं डोकं दुखतं. कडा कापून जातात, उरतील त्या फ्रेममध्ये लपतात. "कडेला कोण बघतंय," हे तिचं नेहमीचं वाक्य.

तिचे बाबा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही तिघं. मी, ठमी आणि तिचे काका, म्हणजे माझे धाकटे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते. त्रेपन्न वर्षांचे आहेत, आणि जन्मापासून बोलत नाहीत. ऐकू येतं, कळतंही बरंच. चालतात मात्र भरपूर. दार उघडं दिसलं की निघाले. पूर्वी हे, म्हणजे ठमीचे बाबा, सायकल काढायचे आणि तासाभरात भावाला घेऊन यायचे. कुठे सापडले विचारलं, की म्हणायचे, "जिथे असणार तिथे." ते ठिकाण कोणतं, हे त्यांचं मला सांगायचं राहून गेलं.

हे गेल्यावर आम्ही रडलो, पण ते लवकर संपलं. मग घरात एक प्रकारची शांतता बसली आणि उठलीच नाही. ठमी कामावरून यायची, जेवायची, ताट घासून ठेवायची. मी विचारायचे, "काय झालं आज?" ती म्हणायची, "काही नाही." खोटं नव्हतं ते. खरंच काही होत नसे.

दोन वर्षांत भाऊजी चार वेळा हरवले. चारही वेळा नशिबाने सापडले. मग आम्ही उपाय सुरू केले. गळ्यात कार्ड अडकवलं, ते त्यांनी कुणाच्या तरी कुंपणाला अडकवलं. शर्टाच्या आत नाव-पत्ता शिवला, तो दाताने उसवला. फोन दिला, तो फळवाल्याच्या तराजूत ठेवून आले. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांना प्रेम एकाच गोष्टीचं, ते म्हणजे चकचकीत स्टीलचं. खिशात एक चमचा असतो. रोज संध्याकाळी तो बेसिनपाशी काथ्याने घासायचा, पुसायचा आणि दिव्यासमोर धरून बघायचा. हे म्हणायचे, "आमच्या घरात सगळ्यात स्वच्छ वस्तू म्हणजे माझ्या भावाचा चमचा."

म्हणून ठमीने बाजारातून स्टीलचं एक रुंद कडं आणलं. भाऊजींनी ते मनगटात घातलं ते घातलंच. त्यावर आता फोन नंबर लिहायचा होता. कोरून देणाऱ्या दुकानात म्हणाले, दोन दिवस ठेवून जा. भाऊजी ते दोन मिनिटंही सोडेनात.

तेव्हा ठमीने ते मशीन घेतलं. हौशी लोकांसाठी असतं तसं, टेबलावर मावणारं, निळ्या लेसरचं. सामानाच्या खोलीत तिने जागा केली, धूर बाहेर जायला खिडकीत पंखा आणि नळी बसवली. मी धसकाच घेतला. स्टीलवर हा उजेड आरशासारखा उलटतो असं तिनेच सांगितलं होतं, आणि डोळ्यात गेला तर डोळा गेला. तिने दोन नारिंगी गॉगल आणले, एक माझ्यासाठी. मी आत पाऊल टाकलं नाही. बंद दाराबाहेर उभी राहायचे.

"गॉगल घातलास?"

"घातला."

"पंखा लावलास?"

"लावला. आई, अशी बाहेरून पहारा देण्यापेक्षा आत येऊन बस ना."

"नको गं बाई. तू कर."

लाकूड त्या मशीनने सहज जळतं. स्टील दाद देत नाही. आधी त्यावर काहीतरी काळं लावावं लागतं, म्हणजे उजेड परत न फिरता तिथे थांबतो आणि ते काळं स्टीलवर भाजून बसतं. कुणीतरी सांगितलं मोहरीचा सॉस लावा, म्हणून आमच्या घराला आठवडाभर करपलेल्या मोहरीचा वास येत होता. मग तिला यंत्रांना मारायच्या काळ्या वंगणाचा स्प्रे सापडला. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, लेसर अगदी सावकाश फिरवायचा, उरलेलं काळं स्पिरिटने पुसायचं. किती वेग, किती जोर, हे ठरवायला तिने माझ्या डावांच्या आणि झाऱ्यांच्या पाठींवर नखाएवढे चौकोन काढले. फिकट, गडद, फिकट. अजून वाढताना ते चौकोन दिसतात.

चार महिने हे चाललं. ती हसत नव्हती, पण कामावरून आली की चपला काढतानाच वहीत काहीतरी लिहायची. मला तेवढं पुरे होतं.

एका रविवारी दुपारी भाऊजी झोपले असताना तिने हळूच कडं काढलं. तासाभराने बाहेर आली आणि कडं माझ्यापुढे धरलं. एका ओळीत, कड्याच्या अर्ध्या वळणावर लिहिलेलं: कृपया फोन करा, आणि पुढे माझ्या नंबरचे दहा आकडे.

"दिसतंय ना?"

ती हसत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने मला काहीतरी बघायला बोलावलं होतं. मी चष्मा लावून बघितलं. मधली अक्षरं शाईसारखी काळी होती. टोकाचे दोन आकडे, सत्याऐंशी, चहाच्या डागासारखे होते.

"छान दिसतंय," मी म्हणाले.

पाच आठवडे गेले. भाऊजींनी चमच्याबरोबर कडंही घासायला सुरुवात केली होती. मी शेजारी भांडी विसळत उभी असायचे. एका संध्याकाळी पाहिलं, तर आठचा फक्त वरचा गोल उरला होता. त्या दिवशी ठमी दुकानातल्या कुणाचा तरी किस्सा सांगत जेवत होती. म्हटलं, उद्या सांगू. मग तो उद्या रोजच उद्या होत गेला.

बुधवारी सकाळी दूधवाला सुटे देत होता, मी आत पिशवी ठेवायला वळले, तेवढ्यात भाऊजी निघून गेले.

दुपारपर्यंत आम्ही ओळखीचे रस्ते फिरलो. चौकीत गेलो. तिथल्या हवालदाराने फोटो घेतला आणि विचारलं, "अंगावर काही खूण?"

"हातात कडं आहे. त्यावर नंबर कोरलाय," ठमी म्हणाली.

"मग काय, काळजीच नाही. येईल फोन."

"हो," ठमी म्हणाली. "येईल."

ती शांत होती. माझा फोन चार्जरला लावून तिने टेबलाच्या मधोमध ठेवला आणि समोर बसली. मी तिच्याकडे बघत होते. जीभ तोंडात होती, पण जणू दुसऱ्या कुणाची. मी कपड्यांच्या घड्या घातल्या. घातलेल्या मोडून परत घातल्या. रात्र गेली. फोन आला नाही. मला भीती वाटत होती असंही म्हणता येणार नाही. हात सुन्न पडला की त्याला चिमटा काढावा आणि कळू नये, तसं सगळं.

गुरुवारी दुपारी बाराला ठमी म्हणाली, "एव्हाना कुणीतरी वाचायला हवं होतं."

मी म्हणाले, "शेवटचे दोन आकडे नाहीयेत."

"म्हणजे?"

"पुसले गेलेत. ते घासतात ना रोज."

"कधीपासून?"

"गेले असतील आठ-दहा दिवस. पण फिकट पहिल्या दिवसापासूनच होते."

"तू पाहिलं होतंस?"

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठून सामानाच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने मी दारापर्यंत गेले. मशीनखाली तिने एक रिकामी स्टीलची वाटी पालथी घातली होती आणि बोटाने तिचं वळण तपासत होती.

"या लेसरचा ठिपका एकाच उंचीवर बारीक होतो," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. "मी उंची मध्यावर लावली. टोकं खाली उतरतात, तिथे उजेड पसरला, थर नीट भाजला नाही. तीन तुकड्यांत करायला हवं होतं, कडं फिरवत फिरवत. मी टोकं बघितलीच नाहीत."

तिने फोन काढला. ती चौकीत फोन करून सांगत होती, की नंबर अर्धवट आहे, नुसत्या फोनची वाट बघू नका, शोधा.

चारला फोन वाजला. अनोळखी नंबर. मी उचलला.

"ताई, तुमच्या घरातलं कुणी हरवलंय का हो?" एका बाईचा आवाज होता, कंटाळलेला, पाठ केल्यासारखा.

"हो," मी म्हणाले.

पलीकडे ती कुणाला तरी मोठ्यांदा म्हणाली, "अगं, लागला! सत्याऐंशीला लागला!"

गावाच्या दुसऱ्या टोकाला तिची लाँड्री होती. आम्ही पोचलो तेव्हा भाऊजी बाकावर बसले होते आणि समोरच्या मशीनच्या गोल काचेतून आत फिरणारा स्टीलचा ड्रम बघत होते. कपडे मळलेले, एका चपलेचा पट्टा तुटलेला. रात्र कुठे काढली, ते कधीच कळणार नाही.

"सकाळी दुकान उघडलं तर हे पायरीवर," बाई सांगत होती. पन्नाशीची, बाह्या वर सारलेली. "कडं बघितलं. आठ आकडे. म्हटलं दोनच तर कमी आहेत. शून्य-शून्यपासून धरलं. एक गिऱ्हाईक, दोन फोन. एक गिऱ्हाईक, दोन फोन. निम्म्या लोकांनी शिव्या घातल्या. एकाला विचारलं तुमच्याकडचं कुणी हरवलंय का, तर म्हणतो, हो, माझी अक्कल. एक आजी हो म्हणाल्या, मी खूश, तर वीस मिनिटं मुलाबद्दल बोलल्या. मुलगा परदेशात."

"चौकीत नाही का नेलंत?" मी विचारलं.

"उठतायत का ते मशीनसमोरून! आणि कोणी कोरलंय हो हे? 'कृपया'सुद्धा नाही. नुसता हुकूम, 'फोन करा'! म्हटलं बाई, करते."

कृपयाही गेलं होतं. ते दुसऱ्या टोकाला होतं.

"मी कोरलंय," ठमी म्हणाली.

बाईने तिच्याकडे पाहिलं. "मधलं चांगलं आलंय गं," ती म्हणाली.

घरी येताना रिक्षात भाऊजी आमच्या दोघींच्या मध्ये बसले होते, कडं मांडीवर घासत.

पुढच्या रविवारी ते झोपल्यावर तिने कडं काढलं. सामानाच्या खोलीचं दार उघडं ठेवून म्हणाली, "येतेस?"

मी माझा गॉगल घातला आणि स्टुलावर बसले. आतून सगळं नारिंगी दिसतं. जुनं काळं तिने घासून काढलं होतं. नवा थर दिला. प्रत्येक तुकड्याला कडं थोडं फिरवून उंची नव्याने लावली. पंखा घरघरत होता. तो ठिपका इतका सावकाश सरकतो, की सरकतो आहे हे कळायला नजर हलवून परत आणावी लागते. मला अजूनही काही वाटत नव्हतं. पण मी बघत होते.

तिने स्पिरिटने पुसून कडं माझ्या हातात दिलं. "दिसतंय ना?"

मी ते घेऊन बेसिनपाशी गेले. भाऊजींचाच काथ्या घेतला आणि वीस वेळा घासलं, जोर लावून, टोकाला. मग खिडकीशी नेऊन चष्मा लावला.

"सात फिकट आहे," मी म्हणाले.

"किती?"

"थोडाच. पण आहे."

तिने कडं परत घेतलं. "बरं," म्हणाली, आणि उंची पुन्हा लावायला बसली.