कॉम्प्युटरच्या खोलीची पाटी
ऑइलपेंटचा वास आला की आमच्या गावची, तीर्थपुरीची शाळा आठवते. पुण्यात माझी सॉफ्टवेअर कंपनी चालायला लागल्यावर मी तिथे वडिलांच्या नावाने कॉम्प्युटरची खोली बांधून दिली. उद्घाटनाला पडदा सरकला, तर ओल्या पाटीवर त्यांच्या नावाआधी ‘कैलासवासी’ लिहिलेलं. देणगीची खोली गेलेल्या माणसाच्याच नावाची असते, म्हणून पेंटरने आपल्या मनानेच लिहिलं होतं. वडील समोरच बसलेले, अंगावर सत्काराची शाल. हेडमास्तर घाबरून पेंटरला हाका मारू लागले. “राहू द्या हो,” वडील म्हणाले, “कशाला परत खर्चा? आज न्हाई तर उद्या बराबर होईल.” सगळे हसले, मीही हसलो. यंदा त्यांचं तेरावं उरकून शाळेवरून आलो. रडू आलं नाही. पाटीत काही बदलायचं नव्हतं.