नेमून दिलेली उत्तरं

विसरवाडीत कॅथलिकांचं घर आमचं एकटंच. बाबा मूळचे नगरकडचे. तिथे ते फादरांच्या हाताखाली वाड्यावस्त्यांवर फिरून धर्मशिक्षण द्यायचे. पोरं होत गेली, तेवढ्यावर भागेना, म्हणून सुरतेच्या रस्त्यावरच्या एका लाकडाच्या वखारीत कारकून होऊन आले आणि इथलेच झाले. पण हाडाचे ते धर्मशिक्षकच राहिले. दिवसभर वखारीत ओंडके मोजायचे आणि घरी आल्यावर आम्हाला. आम्ही नऊ भावंडं, मी चौथी.

गावात शाळा नव्हती असं नाही. पण सरकारी शाळेत सकाळी सरस्वतीची प्रार्थना होते, म्हणून ती बाद. थोड्या अंतरावर मिशनची एक शाळा होती, पण ती दुसऱ्या पंथाची, मरियेला न मानणाऱ्यांची. तिचं तर घरात नाव काढायची सोय नव्हती. राहता राहिलं घर. म्हणून आमची शाळा घरातच भरायची, जमिनीवर चटया घालून. आज मी हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते, चित्रातल्यासारखी सुखी शाळा त्यांच्या डोळ्यांसमोर येते. मला त्या चटयांचा वास आजही नको वाटतो, माझ्या घरात मी चटई ठेवत नाही.

बाबांना शिकवण्याची एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे धर्माच्या प्रश्नोत्तरीची. आधी बाबा प्रश्न म्हणत, मग त्याचं उत्तर म्हणत. आम्ही हात जोडून उभे राहून ते उत्तर म्हणायचं, अक्षर न बदलता. मग ते नुसता प्रश्न विचारत आणि आम्ही उत्तर द्यायचं. बरोबर आलं की ते मान हलवत. देवाधर्माचं असं शिकवलं तर एकवेळ ठीक. पण बाबांनी भूगोल, इतिहास, व्याकरण, आरोग्य सगळं त्याच साच्यात बसवलं होतं. प्रश्न : नखे का कापावीत? प्रश्न : अकबर कसा राजा होता? एक शब्द इकडचा तिकडे झाला की पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा विचारलं होतं की सगळं देवानंच केलं तर डास कशाला केले. बाबा रागावले नाहीत, मारलं नाही. नुसतं म्हणाले, “हा प्रश्न पुस्तकात नाही.” माझ्यापुरता विषय तिथेच संपला.

पुढे पुढे बाबा स्वतः शिकवत फक्त थोरल्या बहिणीला, आमच्या आक्काला. बाकीच्यांना आक्का शिकवायची. आई एक तर पोटुशी असायची नाहीतर बाळंतीण, त्यामुळे चूल, धुणं, तान्हं मूल आणि शाळा हे सगळं आक्काच्या गळ्यात. पीठ मळता मळता ती तापीचा उगम विचारायची आणि आम्ही हात जोडून उत्तर द्यायचो. वखारीशेजारच्या किराणा दुकानातली शेठाणी कधी दारात टेकली की आईला म्हणायची, “बाई, तुन्ही पोर इतली हुशार शे, तिले शायामा काबर धाडत नही?” शाळेत धाडायचं नाव निघालं की आई नुसती हसायची. आईच्या हसण्याचा मला फार राग यायचा.

विसरवाडीला गाड्या बदलाव्या लागत. आतल्या खेड्यातली एक शिक्षिका शनिवारी आमच्याकडे पाणी प्यायला थांबायची. काळी छत्री, पायात चामडी चप्पल, खांद्यावर पदर पिन लावून घेतलेला. एका शनिवारी तिनं आक्काला धाकट्यांना शिकवताना पाहिलं आणि म्हणाली, “अगं, तू सातवीची फायनल दे. बाहेरून बसता येतं. पास झालीस की शाळेत शिकवायची नोकरी कुठं गेली नाही.” एवढंच. पण आक्काला त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. ती काही बोलून दाखवणारी नव्हती. पण तिनंही पदराला पिन लावायला सुरुवात केली आणि मी काय ते समजले.

बाबा नाही म्हणाले नाहीत. ते कधीच सरळ नाही म्हणत नसत. म्हणाले, या पोराची प्रश्नोत्तरी पाठ करून घे, चर्चमध्ये त्याचा पहिला ख्रिस्तप्रसाद होऊ दे, मग परीक्षेला बस. त्याचा झाला, तोवर त्याच्या खालची तयार व्हायची होती. तिचा झाला, तोवर पाळण्यात आणखी एक. आमच्या घरात पाळणा कधी रिकामा राहिलाच नाही, आणि आक्काची परीक्षा त्या पाळण्याला बांधलेली. सोळाची ती अठराची झाली. शेवटी मात्र ती हट्टाला पेटली. आयुष्यात पहिल्यांदा ती दोन दिवस जेवली नाही. तेव्हा बाबा तिला घेऊन नवापूरला निघाले, कारण बाहेरून बसणाऱ्यांना तिथल्या शाळेचे हेडमास्तर आधी पाहायचे आणि मग त्यांचं नाव पुढं पाठवायचे. धाकटी बहीण आक्काशिवाय राहत नसे म्हणून धाकटीला घेतलं, आणि धाकटीला धरायला मला.

हेडमास्तर भले गृहस्थ होते. आक्काला त्यांनी खुर्ची दिली, पण ती बसली नाही. हात जोडून उभी राहिली.

“घाबरू नकोस,” ते म्हणाले. “ही आपली रंगावली इथून वाहते ना, तिचं पाणी शेवटी कुठं जातं?”

आक्का गप्प. मला वाटलं घाबरली. पण तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, ती वाट पाहत होती.

“बरं, ते राहू दे. आज येताना रस्त्यात काय काय पाहिलंस ते सांग.”

आक्कानं बाबांकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, “गुरुजी, तो तसा नाहीये.”

“काय तसा नाही?”

“प्रश्न.”

बाबा पुढे झाले. त्यांना मदतच करायची होती, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते. त्यांनी नेहमीच्या सुरात म्हटलं, “तापी नदी कोठे उगम पावते व कोठे मिळते?” आणि आक्कानं एका दमात सगळं उत्तर म्हटलं, उगमापासून समुद्रापर्यंत, अक्षर न चुकता. माझ्या कडेवरची धाकटी सुद्धा सवयीनं हात जोडून ऐकू लागली.

हेडमास्तरांनी धाकटीच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी बाबांना विचारलं, “सगळ्या मुलांना असंच शिकवता?”

“सगळ्यांना,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता.

शेवटी हेडमास्तरांनी आक्काला विचारलं, “मुली, तुला शिक्षिका का व्हायचंय?” त्यांना बिचाऱ्यांना वाटलं असेल, हे तरी ती सांगेल. आक्काचे ओठ हलले. दोन दिवसांचा उपास, ती पिन, ती सगळी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती. तिच्याही असणार. पण ते सगळं वाक्यात कसं घालायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. 

“हिला वर्षभर शाळेत बसवा,” हेडमास्तर बाबांना म्हणाले. “डोकं चांगलं आहे. मोकळं व्हायला हवं. मी बसवून घेतो वर्गात, वयाचं मी बघतो.”

परतीच्या गाडीत बाबा म्हणाले, “देवाची इच्छा.” आक्का धाकटीला केळं भरवत होती. घरी आल्यावर आई, जी कधी हूं की चूं करत नसे, ती भाकरी थापता थापता म्हणाली, “एक वर्ष जाऊ द्या की तिला.” बाबांनी विचारलं, “आणि इथं कोण शिकवील?” आईनं पुढची भाकरी तव्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कानं चटया घातल्या आणि आम्हाला तेच प्रश्न विचारले, त्याच शब्दांत. तिला कळलं होतं की यानंच आपल्याला बुडवलं. तरी तिनं तेच शिकवलं, कारण दुसरं तिला येतच नव्हतं. त्या सकाळी मी मनातल्या मनात देवाशी भांडले आणि नंतर कधी फारसं जमवून घेतलं नाही.

पुढे घर पांगलं. दोघे भाऊ सुरतेला गिरणीत गेले. माझं लग्न झालं आणि नवऱ्यानं मला रात्रशाळेत घातलं. तिथे स्वतःचं पहिलं वाक्य मी तीनदा लिहून खोडलं. बाबा थकले, घरात शिकवणंही हळूहळू सुटलं. धाकटी दोघं सरळ गावातल्या सरकारी शाळेत जाऊ लागली, सरस्वतीची प्रार्थना म्हणू लागली, आणि बाबा काही बोलले नाहीत. ज्या घरच्या शाळेपायी आक्का जळून गेली ती अशी फुकटच सुटली. आक्काला स्थळं येत होती तोवर घरात मुलं लहान होती. मुलं मोठी झाली तोवर स्थळं थांबली.

बाबांच्या पायांवर सूज चढली ते शेवटचं दुखणं. मी माहेरी आले होते. फादर लांबून येऊन त्यांचा पापांचा कबुलीजबाब घेऊन, कपाळाला शेवटचं पवित्र तेल लावून गेले. त्या दुपारी बाबा अस्वस्थ होते. आक्का औषधाचा पेला घेऊन खाटेजवळ आली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते.

“पोरी,” ते म्हणाले, “माझ्यामुळे तुझं आयुष्य वाया गेलं का?”

आक्कानं पेला खाली ठेवला आणि हात जोडले. तीस वर्षांची बाई, केसांत पांढरे दिसू लागलेली, ती तशीच सरळ उभी राहिली. मला वाटलं आता बोलेल. आता तरी रडेल, ओरडेल, पेला भिंतीवर फेकेल. मी तांदूळ सोडून तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. ती बाबांकडे बघत होती, वाट पाहत होती.

“नाही, म्हण,” बाबा म्हणाले.

“नाही,” आक्का म्हणाली.

बाबांनी मान हलवली.