आठ बटनं, पाच तारा

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मी एक शब्द बोलले नाही. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं होतं, कपॅसिटर काय करतो? मला येत होतं. उत्तर घशापर्यंत आलं आणि तिथेच बसून राहिलं. सर कागदाकडे पाहतच म्हणाले, "येत नाही, की बोलता येत नाही?"

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. तोंडी परीक्षा म्हणजे काय, हे घरी सांगणंसुद्धा अवघड होतं. "सर विचारतात आणि आपण बोलायचं," मी मायला म्हटलं.

"एवढंच?" माय म्हणाली. "मंग काऊन नाई बोलली?"

मी ताटं उचलायला लागले. माय हसली. "हेच पाय. मायसंगही नाई बोलत, तं सायबासंग काय बोलीन?"

ही दोन हजार सालाच्या आगेमागेची गोष्ट. मी वर्ध्याला होस्टेलवर राहून इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते, आणि अल्लीपूरला बाबांची पिठाची चक्की होती. तिसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक प्रोजेक्ट करून तो बाहेरच्या सरांना समजावून सांगायचा होता. म्हणजे पुन्हा तेच टेबल, तीच खुर्ची. या वेळी गप्प बसले तर वर्ष जाणार होतं.

माझी एक मैत्रीण पिपरी मेघेहून सायकलनं यायची. तिनं सरळ उपाय सांगितला. "अवं, नागपूरले तयार भेटते. फाईल, चार्ट, सगळं. तू फक्त बटन दाबून दाखवजो."

"आणि विचारलं तर?"

"पाठ कराचं."

वर्गातले बरेच जण तसंच करत होते आणि पासही होत होते. पण पाठ केलेलं माझ्या तोंडून निघत नाही, हे मला कळून चुकलं होतं. मला वाटलं, एखादी वस्तू पहिल्या तारेपासून मी स्वतः जोडली, तर निदान तिच्याबद्दल तरी बोलता येईल. खात्री नव्हती. पण दुसरा काही मार्ग मला सुचत नव्हता.

वस्तू कोणती, ते चक्कीनंच ठरवून दिलं. आमच्याकडे बाया दळणाचा डबा रांगेत ठेवून घरी निघून जातात. डबा रांगेत असला की बाई रांगेत आहे, असं धरतात. पण रांगेत नंबर असून भागत नाही. डाळीवर कोणी गहू दळू देत नाही, पोळीला वास येतो. उपवासाची भगर तर सकाळी सगळ्यांच्या आधी. म्हणून बाबा गव्हाचे डबे एकदम घेत, मग ज्वारीचे, शेवटी डाळीचे. आता काय चालू आहे, हे बाबा दारात येऊन ओरडून सांगत, आणि पट्ट्याच्या आवाजात ते कोणालाच ऐकू येत नसे. त्यावरून रोज भांडण. मी ठरवलं, दारावर चार खान्यांची एक पेटी लावायची. गहू, ज्वारी, डाळ, उपवास. ज्याचं दळण चालू त्या खान्यातला दिवा लागेल, आणि समोरच्या ओट्यावर बसल्या बसल्या बायांना दिसेल.

बटनांची मात्र अडचण होती. पूर्वी बाबांनी चक्कीत एक घंटी लावली होती. तिचं बटन पंधरा दिवसांत पिठानं बसलं. चक्कीत पीठ कुठे जात नाही असं ठिकाण नाही.

दिवाळीला हिंगणघाटला मामाकडे गेले, तेव्हा मामाच्या माळ्यावर एक व्हिडिओ गेम पडलेला दिसला. व्होल्टेज वाढून तो जळाला होता, पण त्याचा हातात धरायचा कंट्रोलर शाबूत होता. डावीकडे चार बाणांची चकती, उजवीकडे दोन लाल बटनं, मध्ये दोन बारकी. मी तो उघडला. सगळ्या बटनांखाली रबराची एक अखंड चादर होती. पीठ आत शिरायला जागाच नव्हती.

"मामी, हे मी नेऊ का?"

"ने नं. पण कॉलेजात खेळाले शिकवते का तुमच्या?"

होस्टेलवर येऊन मी बटनं मोजली. आठ. मग वायरीतल्या तारा मोजल्या. पाच. मला वाटलं, तीन तुटल्या असतील. वायर उभी चिरून पाहिली. पाचच होत्या. त्यातल्या दोन वीज येण्याजाण्याच्या, म्हणजे आठ बटनांचं काम राहिलेल्या तीन तारांवर चालत होतं. मधोमध डांबरासारखा एक काळा ठिपका होता. त्याच्याखाली चिप असणार, पण तिच्यावरचा नंबर झाकला गेलेला.

मैत्रीण म्हणाली, "तो ठिपका काढून फेक. प्रत्येक बटनाले एकएक तार जोड. झालं."

तेही चाललं असतं. पण सरांनी विचारलं, हे आधी कसं चालत होतं, तर? मी ठिपका राहू दिला.

लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात मला शिफ्ट रजिस्टर नावाच्या चिपचं चित्र सापडलं. तिलाही वीज सोडून तीनच तारा लागत होत्या. एका तारेवर इशारा दिला की ती सगळ्या बटनांची अवस्था एकदम टिपून घेते. दुसऱ्या तारेवर टिचकी दिली की टिपलेलं सगळं एकेक घर पुढे सरकतं. तिसऱ्या तारेवर पुढे येईल ते बाहेर पडतं. वाचलं, पण डोक्यात शिरलं नाही. ते शिरलं रविवारी अल्लीपूरला. बाबा एक डबा ओतून रिकामा करायचे, बाजूला ठेवायचे आणि रांगेतल्या शेवटच्या डब्याला पायानं ढकलायचे. सगळी रांग एक घर पुढे यायची आणि नवा डबा त्यांच्या हाताशी. आठ डबे असले तरी तोंड एकच. मी पिठाच्या पोत्यावर बसून तीनचार वेळा ते पाहिलं.

"काय पाहून राह्यली वं?" बाबांनी विचारलं.

"डबे."

"डबे कायले पाहाचे? उचलू लाग."

सोमवारी लॅबमध्ये मी हातानंच तार टेकवून टिचक्या द्यायला लागले. वरचा बाण दाबून धरायचा, इशारा द्यायचा, मग चार टिचक्या द्यायच्या, कारण रांगेत त्याच्या पुढे चार बटनं होती, आणि बाहेरच्या तारेवर लावलेला बारका लाल दिवा लागेल याची वाट पाहायची. तो आधीपासूनच लागलेला होता. तीन दिवस मी कंट्रोलर बिघडला आहे असं समजून बसले. मग लक्षात आलं, इथे उलटं आहे. बटन दाबलं की दिवा विझतो. तेव्हा मी तो विझण्याची वाट पाहायला लागले, तर कधी दुसऱ्या टिचकीला विझे, कधी तिसऱ्या. हातानं तार टेकवली की ती एकदा टेकत नाही, थरथरून पाचसहा वेळा टेकते. लॅबच्या सरांनी टायमरची एक चिप दिली आणि म्हणाले, "टिचकी हिला देऊ दे, तू दिवा बघ." त्या दिवशी चौथ्या टिचकीला दिवा विझला. बोट उचललं, पुन्हा इशारा, पुन्हा चार टिचक्या, दिवा लागलेलाच. बोट ठेवलं, विझला. असं मी किती वेळा केलं कोण जाणे. लॅब बंद करायला आलेल्या मावशी म्हणाल्या, "पोरी, घरी जा आता."

पुढे पेटीच्या बाजूला रांग ओळखणारी दुसरी चिप, चार बाणांचे चार दिवे, ते लावणारे-विझवणारे चार रिले. तीन महिने गेले. टेबलावर सगळं नीट चालत होतं. परीक्षेच्या आदल्या रविवारी मी पेटी चक्कीच्या दारावर लावली आणि मध्ये लांब वायर जोडून कंट्रोलर आत बाबांच्या हाताशी ठेवला. बाबांनी हात पुसून डावा बाण दाबला. ज्वारीचा दिवा लागला. समोरच्या ओट्यावरची काकू म्हणाली, "अवं माय, दिसते नं इथून!"

बाबांनी मोटर सुरू केली. स्टार्टरचा खटका पडला आणि पेटीवर उपवास लागला.

"आज एकादशी हाय का वं?" काकूनं ओट्यावरूनच विचारलं. सगळ्या बाया हसल्या.

पुन्हा ज्वारी लावली, मोटर बंद करून सुरू केली. या वेळी गहू आणि डाळ दोन्ही लागले. मी पेटीत कपॅसिटर घातले, मग अजून मोठे घातले. थोडा फरक पडला, गेलं नाही. लांब वायर तिथेच राहू देऊन संध्याकाळच्या एसटीनं मी पेटी आणि कंट्रोलर मांडीवर घेऊन वर्ध्याला परतले.

परीक्षेला आलेले सर वेगळे होते. त्यांनी पेटी पाहिली, कंट्रोलर उलटासुलटा केला.

"कुठून आणलं तयार करून?"

"मी केलं, सर."

"सगळे हेच म्हणतात. मग सांगा, आठ बटनं आणि पाच तारा. कसं जमतं?"

तेच टेबल, तीच खुर्ची. मी कंट्रोलरकडे पाहिलं. त्याच्या खाचेत रविवारचं पीठ होतं.

"सर, आमच्या चक्कीवर डब्यांची रांग असते," मी म्हटलं. आवाज बारीक निघाला, पण निघाला. शेवटच्या डब्याला ढकललं की काय होतं ते सांगितलं, मग टिचक्या, मग उलटा दिवा.

"आणि चक्कीवर हे चालतं?"

भिंतीशी उभे असलेले आमचे लॅबचे सर माझ्याकडे पाहत होते. हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं.

"नाही, सर. मोटर सुरू केली की चुकीचा दिवा लागतो. मी कपॅसिटर लावले. तो वीज साठवतो, म्हणून मधला झटका गिळतो. पण सगळा गिळत नाहीये."

"कंट्रोलरची वायर पेटीपर्यंत कशी नेली?"

"मोटरच्या केबललाच बांधून, सर. क्लिपा तिथे होत्याच."

"का?"

"पट्ट्याजवळ लोंबतं काही ठेवायचं नाही, असा बाबांचा नियम आहे. ओढणीसुद्धा कमरेला बांधावी लागते. जे असेल ते केबलला बांधून टाकायचं..." इथे मी थांबले. गप्प बसले नव्हते, माझंच वाक्य मला ऐकू आलं होतं. "सर, झटका बाहेरून पेटीत येत नाहीये. तो केबलमधून शेजारच्या वायरीतच शिरतोय. टिचकीच्या तारेत. चिपला वाटतं, मीच टिचकी दिली."

"मग?"

"समोरच्या भिंतीवरून नेते."

त्यांनी काहीतरी लिहिलं. "नेऊन बघा," म्हणाले. "पुढचा."

दुपारची एसटी धरून मी अल्लीपूरला उतरले ती थेट चक्कीत. बाबांना काही न सांगता शिडी लावली, पेटी पुन्हा दारावर चढवली, वायर केबलवरून सोडवली आणि समोरच्या भिंतीवर क्लिपा ठोकत दारापर्यंत नेली. वीतभरही लोंबू दिली नाही. मग ज्वारी लावली आणि बाबांना खूण केली.

खटका पडला. दिवा ज्वारीवरच राहिला. बाबांनी मोटर बंद केली, सुरू केली, परत बंद करून परत सुरू केली, आणि दर वेळी दारात जाऊन पेटी पाहून आले.

"सायबाले सांगतलं का?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

"आँ?"

वर्षानुवर्षं पट्ट्याच्या आवाजात राहून बाबांना कमी ऐकू यायचं. मी जवळ गेले.

"सांगितलं, बाबा!"

"काय सांगतलं? मोठ्यानं सांग!"

मोटर चालू होती. मी पहिल्यापासून सांगायला लागले, डब्यांची रांग, टिचकी, केबल, सगळं, चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून. बाबा कानामागे हात धरून ऐकत होते. दारात डबे घेऊन आलेल्या बायाही ऐकत उभ्या राहिल्या. मी संपवल्यावर ओट्यावरची काकू म्हणाली, "ते सगळं बरं हाय, पण माह्या गव्हाचा दिवा कवा लावतं?"