तळ्यावरची तुटकी रेघ

मुलगी बर्फावर बसून मासे पकडणार आहे हे कळलं त्या दिवशी माझ्या मनात धास्ती बसली. ती अजून पुरती गेलेली नाही.

तिने फोनवर अगदी सहज सांगितलं. जावयाची आई मूळची फिनलंडची. तिच्या माहेरचं एक लाकडी घर तिकडे उत्तरेला, तळ्याच्या काठी आहे. हिवाळ्यात ते तळं गोठतं. मग त्या बर्फाला मोठ्या गिरमिटाने भोक पाडायचं, शेजारी स्टूल टाकून बसायचं आणि भोकात गळ सोडायचा. लोक हे सुट्टी काढून, हौसेने करतात.

मी ज्या गावात वाढलो तिथे बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात गुंडाळलेली लादी, रसवंतीच्या दारात ठेवलेली. बर्फावर माणूस उभा राहतो आणि खाली माणूस बुडेल एवढं पाणी असतं, हे मला पटेचना.

"आणि फुटला तर?"

"बाबा, कमॉन! तिकडे छोटी मुलं पण जातात."

"मग भीती कसली?"

"हरवायची," ती म्हणाली. "तळं खूप मोठा आहे. धुकं आलं की काठच दिसत नाही. सगळं पांढरं. आणि एका बाजूला नदी येते ना, तिथे बर्फ पातळ असतो. म्हणून जीपीएस लागते. हातात धरायचं वालं. फोन थंडीत मरतो. आमची जुनी मोडली. तुम्ही बघाल? तुमच्याइतकं चांगलं कोणी घेत नाही."

तिचा जन्म इथला, विलायतेतला. तिच्या मराठीतला तो, ती, ते कुठेही भटकतात, पण मला कुठे पकडायचं हे तिला बरोबर माहीत आहे.

इथे एक सांगायला हवं. मी तेव्हा जावयाशी बोलत नव्हतो. दोन वर्षं. या दोघांनी एका गुरुवारी दुपारी रजिस्टर लग्न केलं आणि मला फोटो पाठवला. मी दुकानात एका बाईला बाथरूमच्या टाइल्स दाखवत होतो. मी ईलिंगमध्ये दुसऱ्याच्या दुकानात खोकी उचलण्यापासून सुरुवात केली आणि आज मेडनहेडला माझं स्वतःचं शोरूम आहे. प्रत्येक वस्तूसाठी, प्रत्येक भाड्यासाठी मी घासाघीस करून इथवर आलो. आणि माझ्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नात मला कोणी एक शब्द विचारला नाही. जावई वाईट आहे असं मी कधीच म्हटलं नाही. मला विचारलं नाही, एवढंच माझं म्हणणं. जावई रुसल्याचं आपण खूप ऐकतो. आमच्या घरी सासरा रुसला होता.

बायको म्हणाली, "अहो, त्यांचा दिवाळसण राहिलाय अजून. तुमच्या रागापायीच राहिला. ते यंत्रच देऊ जावयाला."

मी हो म्हटलं नाही. पण शनिवारी दुकानात गेलो.

आता माझी खरेदीची रीत. ती मला आईने शिकवली. घरी पाहुणे यायचे असले तरी ती भाजीवाल्याला कधी कळू द्यायची नाही. "गाईला घालायला बघतेय, शिळी असेल तर दे," असं सांगून ती ताजी मेथी स्वस्तात आणायची. आपल्याला वस्तू कशासाठी हवी आहे हे विकणाऱ्याला कळलं की आपण मेलो. मी आजवर याच नियमाने जगलो आणि या नियमाने मला कधी दगा दिला नव्हता.

डोंगर चढणाऱ्या लोकांचं ते दुकान. बूट, दोर, तंबू. काउंटरला साठीची एक बाई होती, पांढरी वेणी, उन्हाने रापलेला चेहरा.

"कशासाठी हवंय?" तिने पहिलाच प्रश्न हा विचारला.

"टेकड्यांवर फिरायला," मी म्हणालो. "रविवारचं. इथेच, आसपास."

"मग हे घ्या." तिने एक जाडजूड, बुटका डबा पुढे ठेवला. लहानसा पडदा, खाली मोठी रबरी बटणं. "दणकट आहे. साध्या दोन सेलवर चालतं. आणि स्वस्तही आहे."

स्वस्तही आहे, हे कानावर पडताच मी सावध झालो. दुकानदार आपणहून स्वस्त वस्तू पुढे करतो तेव्हा तो जुना माल काढत असतो. मीही काढतो. मी शेजारच्या यंत्राकडे बोट दाखवलं. मोठा झगझगीत पडदा, बोटाने सरकवायचा, एकही बटण नाही. फोनसारखं चार्ज करायचं.

"आणि हे?"

"हे देखणं आहे. पण तुमच्या कामाला एवढं लागणार नाही."

माझं डोकं फिरलं. "माझ्या कामाला काय लागतं ते तुम्ही ठरवणार?"

आवाज चढला असावा, कारण बूट घालून बघणारा एक माणूस एका पायावर तसाच थांबला. बाईने खोकं माझ्यापुढे सरकवलं. मग मी खोक्याचा दबलेला कोपरा दाखवला, पडद्यावरचा एक ओरखडा दाखवला, हा शोकेसमधला पीस आहे हे तिच्याकडून वदवून घेतलं, मॅनेजरला बोलावलं. तासाभराने बाहेर पडलो तेव्हा किंमत बरीच उतरली होती आणि वर एक कव्हर फुकट मिळालं होतं. गाडीत बसून मी शीळ घालत होतो. मनातली धास्तीही तेवढ्यापुरती विरघळली होती. सगळ्यात भारी वस्तू घेतली होती, अजून बापाने काय करायचं?

निघायच्या आदल्या आठवड्यात दोघं घरी आली. बायकोने जावयाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं आणि खोकं त्याच्या हातात दिलं. मी सोफ्यावर फोनमध्ये डोकं घालून बसलो होतो. त्याने खोकं उघडलं आणि यंत्र हातात घेऊन क्षणभर नुसतं बघत राहिला. तो क्षण जरा लांबला. मी गिऱ्हाइकांचे चेहरे वाचून पोट भरतो, मला तो दिसला. मला वाटलं, याला कदर नाही.

"थँक यू, बाबा. खूप सुंदर आहे," तो म्हणाला आणि वाकून नमस्कार केला.

"असू दे," मी फोनलाच सांगितलं.

ती दोघं गेली. तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी पुन्हा त्या दुकानात गेलो. फुकट मिळालेल्या कव्हरची चेन बिघडली होती, ते बदलून घ्यायला. हो, फुकटचंच. चेन लागत नाही म्हणून मुलगी ते घरीच ठेवून गेली होती, आणि फुकट म्हणून दुकानाने काहीतरी खराब गळ्यात मारावं, हे मला सहन होत नव्हतं.

बाईने मला ओळखलं. "काय म्हणतात टेकड्या?"

व्यवहार झाला होता, आता लपवण्यासारखं काही नव्हतं. शिवाय मला मिरवायचंही होतं. "टेकड्या कसल्या! मुलगी घेऊन गेलीय फिनलंडला. गोठलेल्या तळ्यावर मासे पकडतेय."

ती कव्हर बघत होती, ती थांबली.

"ते यंत्र घेऊन?"

"तेच."

"तुम्ही टेकड्या म्हणाला होतात."

"काय फरक पडतो?"

तिने कव्हर खाली ठेवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं हळू सांगितलं. उणे वीसमध्ये त्या यंत्राची बॅटरी बघता बघता बसते. पडदा जाड मोज्यांनी नीट चालत नाही, आणि तिथे मोजे काढले की थोड्या वेळात बोटं बधिर होतात. बर्फावर जाणारे लोक बटणांचं यंत्र घेतात. त्यात लिथियमचे सेल घालतात, ते थंडीला दाद देत नाहीत, आणि दुसरी जोडी आतल्या खिशात अंगाशी ठेवतात. म्हणजे तो बुटका डबा. तो अजून तिथेच, शेल्फवर होता.

"मग हे तेव्हा का नाही सांगितलंत?" मी ओरडलो.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली.

मी कव्हर तिथेच टाकून बाहेर आलो. मुलीने मला स्पष्ट सांगितलं होतं, फोन थंडीत मरतो म्हणून वेगळं यंत्र हवं. आणि मी भाव करून करून तिला दुसरा फोनच आणून दिला होता.

पार्किंगमधून मुलीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. जावयाचा नंबर माझ्याकडे नव्हता, तो मी ठेवलाच नव्हता. बायकोला विचारून घेतला. तिने कारण विचारलं, मी खेकसलो. तो फोनही बंद. शेवटी निरोप ठेवायचा सूर आला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मी जावयाशी बोललो, तेही यंत्राशी: "मी बोलतोय. ते जे दिलंय त्याच्यावर विसंबू नका. काठावर या. लगेच काठावर या."

तिकडचं घड्याळ दोन तास पुढे. जानेवारीत तिथे दुपारी तीनला अंधारतं असं मुलगी म्हणाली होती. म्हणजे आपल्या एक वाजता. घरी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते.

बायको मटार सोलत होती. "अहो, तो लहानपणापासून जातो तिथे. एवढं काय?" मी तिला सांगितलं नाही. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आणि हॉलमधून स्वयंपाकघरात चालत राहिलो. नळ चालू होता तो बंद केला, पाण्याचा आवाज नको वाटत होता. एक वाजला. दीड. मुलीने पाठवलेला आदल्या दिवसाचा फोटो काढून बघितला. सगळं पांढरं, आणि मधोमध लाल जॅकेटमध्ये ती, टाचणीच्या डोक्याएवढी. दोन वाजता बायकोसमोर खुर्चीत बसलो आणि सगळं बोललो. टेकड्या, बुटका डबा, बाईने विचारलेला प्रश्न.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं, आता ही मला वाट्टेल ते बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती उठली, देवाजवळ निरांजन लावलं आणि परत येऊन माझ्या शेजारी बसली. मटार तसेच पडून राहिले.

पावणेचारला फोन वाजला. जावयाचा.

"बाबा, निरोप आत्ता मिळाला. आम्ही घरी आहोत. सगळं ठीक."

"ती कुठंय?"

"इथेच. सूप पितेय."

"आणि ते यंत्र?"

"परफेक्ट चाललं," तो लगेच म्हणाला.

फार लगेच म्हणाला. मी तीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. मागून मुलीचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. पण ती जिवंत होती, सूप पीत होती. मी फोन बायकोकडे दिला आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली.

पुढच्या रविवारी दोघं जेवायला आली. मुलीच्या उजव्या हाताची दोन बोटं लाल होती, साल निघत होती.  जेवण झाल्यावर यंत्र टेबलावर पडलं होतं, ते मी उचलून चालू केलं. इथल्या उबेत ते लगेच झगझगलं. आपण चाललो तो रस्ता ते रेघेने काढून ठेवतं. त्या शनिवारची रेघ होती. घरापासून निघून सरळ तळ्यावर गेलेली, मग एका जागी गुंतवळ, तिथे ती दोघं गळ टाकून बसली असणार. तिथून परत निघाली आणि थोड्याच अंतरावर तुटली. पुढे काही नाही. नुसता पडदा.

मग रेघ पुन्हा सुरू झाली होती, भलत्याच ठिकाणी. नदी तळ्यात शिरते तिथे. वेळ बघितली. मध्ये पाऊण तास गेला होता. रेघ नदीच्या दिशेने जेमतेम करंगळीच्या नखाएवढी पुढे गेली होती आणि तिथून गर्रकन मागे वळली होती.

मी यंत्र टेबलावर ठेवलं.

"हा पाऊण तास कुठे होतात?"

मुलीने नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "सांग."

"धुकं आलं," ती म्हणाली. "स्क्रीन काळी झाली. मी मोजे काढून चालू करायला बघितलं, नाही झाली. मग यानी ती शर्टच्या आत पोटाला लावून ठेवली, एकदम गार, आणि आम्ही होकायंत्रावर चाललो. पण आम्ही आधीच चुकलेलो. मग बुटांखाली पाणी यायला लागलं, बाबा. बर्फावर पाणी. आणि खालून आवाज येत होता. तेव्हा ती गरम होऊन चालू झाली आणि आम्हाला दिसलं, समोर नदी."

बायकोने तोंडाला पदर लावला.

मी जावयाकडे वळलो. "मी दुकानात खोटं बोललो. कशासाठी हवंय ते सांगितलं नाही."

"मला खोकं उघडल्यावरच कळलं होतं," तो म्हणाला. "चुकीचं आहे ते."

"मग नेलंत कशाला?"

"तुम्ही दिलं होतंत. पहिल्यांदाच काहीतरी दिलं होतंत."

माझा संताप असा उसळला की टेबलावरची वाटी आडवी झाली. "अरे मूर्खा! चुकीचं दिलं तर तोंडावर फेकायचं! माझी पोर आहे ती! पुन्हा माझा मान राखायला गेलास तर याद राख!"

तो गडबडला. मुलगी आधी रडली, मग हसायला लागली. "बाबा, तुम्ही त्याला अरे म्हणालात."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या दुकानात गेलो. बाई काउंटरला होती. तिने विचारायच्या आत मी सांगितलं. "गोठलेलं तळं. उणे वीस. हातात जाड मोजे. एका बाजूला नदी. ही माझी मुलगी, हा जावई."

तिने बुटका डबा पुढे ठेवला. भाव मी केला नाही. सेलच्या दोन जोड्या मात्र जास्तीच्या मागून घेतल्या, आणि त्या बाईने हसून दिल्या.

मार्चमध्ये ती दोघं पुन्हा जाणार आहेत. मी नको म्हणून बघितलं, कोणी ऐकत नाही. देखणं यंत्र मी जावयाकडून परत मागून घेतलं. ते दुकानात, माझ्या ड्रॉवरमध्ये असतं. विकलं तर चांगली किंमत येईल, पण विकायचं तर आधी ती रेघ पुसावी लागेल. गिऱ्हाईक नसलं की मी कधी कधी ते चालू करतो आणि रेघ तुटते तिथून पुन्हा सुरू होते तिथपर्यंत बोट नेतो. मग बंद करून हात खिशात घालतो.